बटण दाबल्यापासून

ग्राहकाच्या फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "आमच्याकडे तीनशेचा प्लॅन आहे, तरी अडकतंय." तीनशे म्हणजे ३०० एमबीपीएसचं इंटरनेट. बेडरूममधल्या पीसीवरचा गेम हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर खेळायचा असतो. त्यासाठी त्याने पीसीवर एक आणि टीव्हीवर एक असं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं. चित्र दिसतही असतं. पण खेळायला बसलं की काहीतरी बिनसतं. मी सांगतो, इंटरनेटची वायर राउटरमधून काढून ठेवली तरी हे चालू राहिलं पाहिजे. गेम पीसीतून निघतो, राउटरपर्यंत जातो आणि तिथून टीव्हीवर येतो. घराचा उंबरा तो ओलांडतच नाही. तुमचा प्लॅन तीनशेचा असो की तीसचा, याला काही फरक पडत नाही. पलीकडे जरा विचार होतो आणि मग, "अहो, तुम्ही येऊनच बघा ना एकदा."

मी पुण्यात नेटवर्क केबलिंगची कामं करतो. ऑफिसचं लॅन, सोसायटीचे कॅमेरे, मोठ्या घरांमधलं वाय-फाय. हात बसला तो सायबर कॅफेंच्या जमान्यात. तेव्हा एका खोलीत दहा-बारा मशीन, मध्ये एक स्विच आणि रात्रभर काउंटर-स्ट्राइक. 'लॅग मारतोय रे' ही आरोळी मी तिथे इतक्या वेळा ऐकली की कुठला पोरगा खरंच लॅगमुळे मेला आणि कुठला नेम चुकल्यामुळे, हे मला न बघता कळायचं. कॅफे गेले, पोरं नोकरीला लागली, त्यांनी कर्ज काढून टू-बीएचके घेतले. आता तीच माणसं चाळिशीला टेकली आहेत. लॉकडाऊनमध्ये अनेकांनी घरी तगडा पीसी आणला आणि मग हॉलमध्ये ५५ इंची टीव्हीही आला. दिवसभर ज्या खुर्चीत बसून ऑफिसच्या मीटिंगा केल्या, त्याच खुर्चीत रात्री पुन्हा बसायला पाठ तयार नसते. गेम सोफ्यावर यायला हवा, ही मागणी मला वाटतं गेमिंगची कमी आणि मणक्यांची जास्त आहे.

लोकांना पहिली अडचण पडते ती अशी: याच टीव्हीवर, याच वाय-फायवर फोर-के सिनेमा झकास चालतो, मग गेमलाच काय धाड भरली? सिनेमा आधीच तयार असतो. टीव्ही त्याचा पुढचा काही सेकंदांचा भाग आधीच मागवून साठवून ठेवतो. मध्येच वाय-फाय अर्धा सेकंद झोपलं तरी साठ्यातून भागतं, तुम्हाला पत्ता लागत नाही. गेमचा पुढचा क्षण मात्र अजून जन्मालाच आलेला नसतो. तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हे तुम्ही बटण दाबेपर्यंत पीसीला ठाऊक नसतं. साठवणार काय?

बटण दाबल्यावर काय काय होतं ते एकदा ग्राहकाला सांगितलं की पुढचं काम सोपं होतं. गेमचा कंट्रोलर टीव्हीला जोडलेला असतो. बटणाचा निरोप टीव्हीकडून पीसीकडे जातो. पीसी गेमचं पुढचं चित्र काढतो. हे चित्र तसंच्या तसं पाठवायचं तर १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे जवळपास ३ गिगाबिट दर सेकंदाला; घरातल्या नेहमीच्या वायरलेसला ते झेपणार नाही. म्हणून ग्राफिक्स कार्डमध्ये एक वेगळा भाग असतो, जो फक्त चित्र दाबून लहान करण्याचं काम करतो. एनव्हिडियाने तो २०१२ च्या कार्डांपासून दिला, आणि हा सगळा प्रकार घराघरांत शक्य झाला तो त्यामुळेच. तीन गिगाबिटचं तिथे वीस मेगाबिट होतं. मग ते राउटरमार्गे टीव्हीकडे येतं, टीव्हीची चिप ते पुन्हा उलगडते आणि शेवटी पडद्यावर दाखवते. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद. या साखळीतला प्रत्येक जण त्यातला आपापला घास खातो. ज्याने जास्त खाल्लं त्याला शोधून काढायचं, एवढंच माझं काम.

आणि शोधायला महागडं यंत्र लागत नाही. फोनच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन असतं, सेकंदाला २४० फ्रेमचं. कंट्रोलरवरचा अंगठा आणि टीव्हीचा पडदा दोन्ही एका चौकटीत येतील असा फोन टेकवून ठेवायचा, बटण दाबायचं आणि नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजायचं: अंगठा दबला इथपासून पडद्यावर काहीतरी हललं इथपर्यंत किती फ्रेम गेल्या? एक फ्रेम म्हणजे चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त. ग्राहकासमोर बसून हे मोजलं की वादच मिटतो. नाहीतर 'मला स्लो वाटतंय' आणि 'मला तर बरोबर वाटतंय' यात संध्याकाळ जाते.

कोथरूडमधल्या एका घरी मुलाची तक्रार होती की क्रिकेटच्या गेममध्ये त्याला बॅटिंगच जमत नाही. पीसीवर बसून तो शतकं ठोकतो आणि हॉलमध्ये आला की पहिल्या ओव्हरला बोल्ड. मला हे काम फार आवडलं, कारण क्रिकेटच्या गेमइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. खेळपट्टी २० मीटरची. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला ३९ मीटर जातो. म्हणजे शंभर मिलिसेकंदांचा उशीर झाला, तर चेंडू जवळपास ४ मीटर आत आलेला असतो आणि तुम्हाला तो अजून लांब दिसत असतो. मोजून पाहिलं तर पीसीच्या मॉनिटरवर अठराएक फ्रेम लागत होत्या. गेमला स्वतःलाही वेळ लागतोच. शून्य उशीर हा प्रकार कुठेच नसतो, हे ग्राहकाला आधी सांगून ठेवावं लागतं. टीव्हीवर मात्र पन्नासच्या वर फ्रेम जात होत्या. दोनशे मिलिसेकंदांहून जास्त. पोराचा काही दोष नव्हता.

तिथे खरा चोर होता टीव्ही स्वतः. हल्लीचे टीव्ही येणारं चित्र जसंच्या तसं दाखवत नाहीत. त्याचे रंग चढवतात, कडा कोरतात, दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरं चित्र घुसवून हालचाल गुळगुळीत करतात. या कारागिरीसाठी त्यांना पुढची दोन-चार चित्रं हातात धरून ठेवावी लागतात आणि त्यात सहज शंभर मिलिसेकंद जातात. 'गेम मोड' लावला की हे सगळे उद्योग बंद होतात. गंमत अशी की गेमिंगचा डबा एचडीएमआयला लावला तर बऱ्याच टीव्हींना गेम मोड आपोआप सुचतो. पण टीव्हीच्या आतलंच अ‍ॅप चालवलं तर टीव्हीला वाटतं की तुम्ही सिनेमाच बघताय. काही टीव्हींमध्ये तर आतल्या अ‍ॅपला गेम मोड देण्याची सोयच नसते. या घरात सोय होती, तीन मेनू आत. लावल्याबरोबर वीसेक फ्रेम वाचल्या. मुलगा खूश. त्याचे बाबा मागे उभे होते, ते म्हणाले, "चित्र फिकं पडलं की हो." खरंच पडलं होतं. मग त्यांच्या सिनेमासाठी एक सेटिंग आणि याच्या गेमसाठी दुसरं, आणि रिमोटवर एका बटणात बदल, अशी वाटणी करून दिली. बाबा अजून ते बटण दाबायला विसरतात आणि मला फोन करतात.

उरलेला उशीर वाय-फायचा होता. इथे माझं आणि लोकांचं जमत नाही. सगळ्यांना स्पीड मोजायचा असतो. टीव्हीवर स्पीड टेस्ट चालवून दाखवतात, "बघा, दोनशे येतंय." मला दोनशे नकोच आहेत, मला वीस पुरेत, पण ते वीस वेळच्या वेळी यायला हवेत. दर दहा मिनिटांनी बस असं पीएमपीच्या पाटीवर लिहिलेलं असतं, आणि तासाला सहा बस येतातही; फक्त त्यातल्या तीन एकामागे एक येतात आणि मग अर्धा तास काही नाही. सरासरी बरोबर, प्रवासी उन्हात. वाय-फायचं नेमकं असंच आहे. हवा एकच आणि बोलणारे अनेक. एका वेळी एकानेच बोलायचं असा नियम. शेजारच्या फ्लॅटचा राउटर बोलतोय म्हणून तुमचा थांबतो, तुमचा कॅमेरा बोलतोय म्हणून टीव्ही थांबतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. मगरपट्ट्यातल्या नाहीतर बाणेरच्या टॉवरमध्ये उभं राहून फोनवर यादी काढली तर चाळीस नावं दिसतात, या तिघांत कोंबलेली. त्याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह, त्यातच ब्लूटूथ. म्हणजे तुमचा ब्लूटूथ कंट्रोलर आणि तुमचं वाय-फाय टीव्हीच्या मागे हातभर अंतरात एकमेकांच्या अंगावर ओरडत असतात.

५ गिगाहर्ट्झवर गेलं की गर्दी कमी होते. आपल्याकडे या पट्ट्याचा बराच मोठा भाग २०१८ मध्ये परवान्याविना वापरायला खुला झाला आणि तेव्हापासून माझं काम हलकं झालं, हे मान्य करायला हवं. पण ५ गिगाहर्ट्झला भिंती आवडत नाहीत. आपल्या भिंती वीट-सिमेंटच्या, बीम काँक्रीटचे, आत लोखंडी सळ्या. परदेशी व्हिडिओत कुणी लाकडी-जिप्समच्या घरात राउटर ठेवून दाखवतो, 'दोन भिंतींपलीकडेही उत्तम'. त्याच्या दोन भिंती म्हणजे आपली अर्धी. शिवाय मधले काही चॅनेल असे आहेत की तिथे रडारची चाहूल लागली तर राउटरने जागा सोडून जायची असा नियमच आहे. सिनेमाला ते कळत नाही, गेम मात्र मध्येच गोठतो. म्हणून मी बहुतेक ठिकाणी राउटरला आपोआप चॅनेल निवडू देत नाही. ३६ ते ४८ मध्ये कुठेतरी बसवतो आणि पासवर्ड मुलांच्या हाती देत नाही.

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात तर वाय-फायचा विषय पहिल्या पाच मिनिटांत संपला. दोन हात जाडीची भिंत, आतून दगड-माती. पीसी मागच्या खोलीत, टीव्ही पुढच्या सोप्यात. त्या घरच्या मुलाने आधी विजेच्या वायरीतून नेटवर्क नेणारे डबे आणून पाहिले होते. जुनं वायरिंग, अर्धं घर इन्व्हर्टरवर, अर्धं नाही. डब्यांचे दिवे लागत होते, पण गेम दर मिनिटाला ठेचकाळत होता. मग तीन डब्यांचं मेश वाय-फाय आणलं. मेशचे डबे आपसातही हवेतूनच बोलतात, म्हणजे एकच निरोप दोनदा-तीनदा हवेत जातो, आणि दर वेळी थांबतो. पैसे बरेच गेले होते. मी म्हटलं वायर टाकू, तर घरातून एकमुखाने, "भिंत फोडायची नाही."

भिंत फोडावी लागत नाही बहुधा. आपल्या घरांमध्ये एक रस्ता आधीच असतो, फक्त तो कुणाच्या लक्षात नसतो: केबल टीव्हीची जुनी काळी वायर. नव्वदच्या दशकापासून ती खिडकीतून, व्हेंटिलेटरमधून, दाराच्या चौकटीवरून प्रत्येक टीव्हीपर्यंत गेलेली असते. फ्लॅटमध्ये तर भिंतीतल्या पाइपातून गेलेली असते, आणि हॉल ते बेडरूम हाच तिचा मार्ग असतो. डिश आल्यावर, नंतर फायबर आल्यावर ती निरुपयोगी झाली. मी तिच्या एका टोकाला नवी कॅट-६ बांधतो, वर चिकटपट्टीचे घट्ट वेढे, जरा साबणाचं पाणी, आणि दुसऱ्या टोकाकडून ओढतो. जुनी बाहेर येते आणि नवी तिच्या जागी जाऊन बसते. वाड्यात पाइप नव्हता, पण तुळईच्या कडेने केबलवाल्याने मारलेले खिळे होते आणि भिंतीला आरपार भोकही होतं. आजोबांनी ते भोक केबलवाल्याशी भांडून पाडू दिलं होतं, ती कथा मी पूर्ण ऐकली. एरवी ऐकली नसती, पण भोक नेमकं हवं तिथे होतं.

वायरचं मात्र नीट बघून घ्यावं लागतं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत उभं राहिलं की कॅट-६ दोन भावांत मिळते. स्वस्तातली उचलली की हाताला हलकी लागते. आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. ती ओढताना ताणते, वळणावर तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. आतल्या चार जोड्यांपैकी एखादी गेली तरी बरेचदा नेटवर्क बंद पडत नाही, गुपचूप हजारावरून शंभर एमबीपीएसवर उतरतं. ग्राहकाला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून टोकाला जॅक दाबून झाला की मी टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागलेले ग्राहकाला दाखवतोच. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

आता यातली एक गोष्ट ग्राहकाला सांगितली की तो चिडतोच. लाखाच्या टीव्हीच्या पाठीमागे जो नेटवर्कचा सॉकेट असतो तो बहुतेक वेळा फक्त १०० एमबीपीएसचा असतो. "म्हणजे? वाय-फायवर चारशे येतंय आणि वायर लावली तर शंभर?" हो. कारण कंपन्यांच्या हिशेबाने सिनेमाला शंभर पुरतात, आणि पुरतातच. पण गेमलाही पुरतात. मूनलाइट नावाचं जे सॉफ्टवेअर मी बहुतेक घरी लावतो ते १०८०-पीला स्वतःहून २० एमबीपीएस धरतं आणि फोर-केला ८०. शंभराच्या सॉकेटमधून ऐंशी जाताना जरा अंग चोरावं लागतं, म्हणून तिथे मी साठावर आणतो. चित्रातला फरक सोफ्यावरून ओळखून दाखवेल त्याच्याकडून मी पैसे घेणार नाही. माझ्या हिशेबी स्थिर शंभर हे उसळत्या चारशेपेक्षा केव्हाही बरे. कोथरूडच्या त्या घरी वायर लावल्यावर पंचवीसच्या आत फ्रेम आल्या. मॉनिटरपेक्षा सहा-सात जास्त. मुलाने त्या संध्याकाळी पन्नास काढून दाखवल्या आणि मग बाउन्सरवर आउट झाला, तेव्हा नेटवर्कचं नाव काढलं नाही.

सगळ्यांनाच वायर लागते असं नाही, आणि लागत नाही तिथे मी ती विकत नाही. जाण्याआधी फोनवर मी एकच प्रश्न विचारतो: खेळता काय? औंधच्या एक डॉक्टर बाई आहेत. रात्रीची ड्यूटी संपवून आल्या की झोप येईपर्यंत शेतीचा एक शांत गेम खेळतात, पेरायचं, पाणी घालायचं, गावातल्या लोकांशी बोलायचं. त्यांना पलंगावर पडून, चष्मा काढून मोठ्या अक्षरांत हवं होतं. दोनशे मिलिसेकंदांनी त्यांच्या वांग्यांचं काही बिघडत नव्हतं. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर टाकलं, अक्षरं मोठी केली आणि निघालो. साम्राज्यं उभारणारे डावपेचांचे गेम खेळणाऱ्यांचंही तेच. उलट नेमबाजीचे, गाड्यांचे, मारामारीचे गेम आले की मी टूलबॉक्समध्ये क्रिम्पिंगची पक्कड टाकतोच. आणि जो म्हणतो की मी ऑनलाइन रँकवर खेळतो, त्याला मी सरळ सांगतो, बाबा, मॉनिटरसमोरच बस. हे बोलून मी काही कामं घालवली आहेत.

आवाजाचीही एक भानगड असते. टीव्हीखाली ब्लूटूथवरचा साउंडबार असेल तर बॅट आधी लागते आणि टक् नंतर येतं. ब्लूटूथ आवाज साठवून, दाबून पाठवतं, त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. सिनेमात टीव्ही चित्र तेवढंच उशिरा दाखवून हे लपवतो. गेममध्ये लपवायला जागा नाही. दीड मीटरची एचडीएमआय वायर लावली की प्रश्न संपतो, पण साउंडबार भिंतीवर ठोकून वायर लपवून टाकलेली असते, मग पुन्हा कोण स्क्रू खोलणार, म्हणून कित्येक घरी टक् अजून उशिराच येतं.

मी ज्या सॉफ्टवेअरवर पोट भरतो त्याची गोष्ट मला फार उशिरा कळली. आधी माझ्या हाती आला होता तो स्टीम लिंक नावाचा काळा छोटा डबा. एका ग्राहकाचा चुलतभाऊ अमेरिकेतून येताना बाकरवडीच्या बदल्यात घेऊन आला होता. स्टीम हे पीसी गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने घरातल्या घरात स्ट्रीमिंग २०१४ मध्ये सगळ्यांना खुलं केलं आणि २०१५ च्या नोव्हेंबरात हा डबा ५० डॉलरला काढला. तीन वर्षांत बंदही केला; त्याचं काम मग फोनवरचं, टीव्हीवरचं अ‍ॅप करू लागलं. त्या डब्यालाही सॉकेट शंभराचाच होता, चित्र १०८०-पीचं, आणि तो डबा आजही चालतो. एनव्हिडियाची स्वतःची अशीच सोय होती, पण ती तिच्या स्वतःच्या यंत्रांपुरती. क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये ती बोली समजून घेऊन कुठल्याही अँड्रॉइडवर चालेल असं सॉफ्टवेअर लिहिलं. आधी लाइमलाइट म्हणायचे, नंतर मूनलाइट. पुढे २०२३ मध्ये एनव्हिडियाने आपली बाजू बंद करून टाकली. मला वाटलं, गेला आपला हा धंदा. पण तोवर पीसीच्या बाजूचं कामही करणारं सनशाइन नावाचं मोफत सॉफ्टवेअर लोकांनीच उभं केलेलं होतं, आणि ते एनव्हिडियाच नव्हे तर कुठल्याही कार्डावर चालतं. मी ग्राहकाच्या पीसीवर एक काढलं, दुसरं टाकलं. टीव्हीवर काही बदलावं लागलं नाही. बिलात सॉफ्टवेअरचे शून्य रुपये लावतो तेव्हा काही ग्राहक संशयाने बघतात. फुकट म्हणजे चोरीचं असणार, असा आपला एक पक्का समज आहे.

काम संपवून निघालो की खरे फोन सुरू होतात, आणि ते नेटवर्कचे नसतात. पीसी झोपला, सोफ्यावरून उठून जागा करायला जायचं का? नाही, वायरीवरून त्याला हाक मारता येते, एक ठरावीक निरोप ज्यात त्या मशीनचा पत्ता सोळा वेळा लिहिलेला असतो. पण त्यासाठी मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये एक खूण करावी लागते. मॉनिटर बंद केला तर टीव्हीवर काळं येतं. पीसीला वाटतं की पडदाच नाही, मग चित्र कशाला काढू. त्यासाठी बाजारात एक बोंडभर एचडीएमआय प्लग मिळतो, तो लावला की पीसीला मॉनिटर असल्याचा भास होत राहतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली, आली, राउटरने पीसीला नवा पत्ता दिला आणि टीव्ही जुन्या पत्त्यावर हाका मारत बसला. म्हणून पत्ता मी राउटरमध्येच बांधून देतो. मे महिन्यात पीसी कपाटात कोंडलेला असतो आणि दार बंद, तर तासाभरात तो तापून मंदावतो. तिथे नेटवर्कवाल्याला बोलावण्याऐवजी कपाटाचं दार उघडावं.

आणि टीव्ही. टीव्ही हॉलमध्ये असतो आणि हॉल कुणा एकाचा नसतो. सात ते साडेनऊ मालिका. त्या वेळात गेमचं नाव काढायचं नाही, हे सगळ्या घरांत सारखंच. बेडरूममध्ये दार लोटून जो गेम दहा वर्षं खेळला, तो हॉलमध्ये आला की पहिल्यांदाच घरच्यांना दिसतो. मी तारांची आवराआवर करत बसलेला असताना हे बरेचदा पाहिलंय. कुणाची बायको म्हणते, "हे एवढं रक्त रोज?" आणि दुसऱ्या दिवशी तो घोड्यावरून रानात भटकण्याच्या गेमवर येतो. सिंहगड रोडच्या एका घरी आजी जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. नातू गाडीची शर्यत खेळत होता. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "अरे, वळणावर जरा ब्रेक लाव की, सारखा काय आपटतोस." पोरगा म्हणाला, "आजी, लॅग आहे." आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मोजून दाखवलं. लॅग नव्हता.

हल्ली मी शक्यतो भिंत रंगवायच्या आधी गाठतो. एक आर्किटेक्ट मुलगी आहे, ती नव्या घरांची कामं घेते आणि फॉल्स सीलिंग चढायच्या आधी मला बोलावते. माझी मागणी साधी असते. पीसी जिथे बसणार तिथून टीव्हीच्या मागे एक रिकामा पाइप, विजेच्या पाइपापासून वेगळा, वळणं गोल, आणि आत एक दोरी सोडून ठेवायची. राउटर शू-रॅकच्या आत टाकायचा नाही. टीव्हीच्या मागे सॉकेट एक नको, दोन हवेत, कारण टीव्हीचा शंभराचा सॉकेट कुणाला पटला नाही तर उद्या तो वेगळा डबा आणून लावणारच. गेल्या खेपेला ती म्हणाली, "काका, वाय-फाय सेव्हन येतंय, मग हे पाइप कशाला?" मी म्हटलं, येऊ दे ना, फार चांगलं असेल, पण ते शेजाऱ्याकडेही येणार आहे. तिने जरा विचार करून दोन पाइप टाकले. वायर अजून ओढलेली नाही. नवरा-बायकोत टीव्ही ५५ चा की ६५ चा यावर एकमत व्हायचंय, आणि तोवर टीव्हीच्या मागची भिंत कोणती हेच ठरत नाहीये.